स्पायडरमॅनचं पुसलेलं लग्न: आजच्या वादामागचा इतिहास

२०२४ साली स्पायडरमॅनच्या दोन मुख्य मालिका एकाच वेळी चालू होत्या. 'द अमेझिंग स्पायडरमॅन'मधला पीटर पार्कर एकटा, कडका आणि मेरी जेनपासून तुटलेला. तर वेगळ्या विश्वात घडणाऱ्या 'अल्टिमेट स्पायडरमॅन'मधला पीटर पस्तिशीच्या आसपासचा, मेरी जेनचा नवरा आणि दोन मुलांचा बाप. प्रकाशक एकच, मार्व्हल; पात्रं तीच. वाचकांनी मात्र 'अल्टिमेट'च्या लेखकाला डोक्यावर घेतलं आणि 'अमेझिंग'च्या लेखकाला शिव्यांची लाखोली वाहिली. दोघांच्या लेखणीत फरक आहेच. पण या भांडणाचं मूळ लेखकांच्या कुवतीत शोधलं तर हाती फारसं काही लागणार नाही. ते आहे २००७ मध्ये पीटर आणि मेरी जेनचं लग्न पुसून टाकण्याच्या संपादकीय निर्णयात, आणि त्यानंतर आलेला प्रत्येक लेखक त्या निर्णयाचं ओझं घेऊनच कामाला लागला आहे.

सुरुवातीच्या काळाबद्दल दोनच गोष्टी पुरेत. १९६२ मध्ये आलेला हा नायक इतरांसारखा गोठलेला नव्हता; तो शाळेतून कॉलेजात गेला, नोकरीला लागला, म्हणजे वाचकांबरोबर वाढला. आणि १९७३ मध्ये त्याची प्रेयसी ग्वेन स्टेसी मारली गेली, ती परत आली नाही. ग्वेनच्या मृत्यूनंतरच्या, १२२ व्या अंकाच्या शेवटी एक छोटा प्रसंग आहे. दुःखाने पिसाळलेला पीटर मेरी जेनला घालवून देतो. तोवर ती मौजमजेत रमणारी, कशाचंच मनाला लावून न घेणारी मुलगी. ती दारापर्यंत जाते, थांबते आणि दार आतून लावून घेते. पुढचं सगळं नातं त्या बंद दारापासून सुरू झालं, असं मी मानतो.

१९८७ चं लग्न मात्र इतक्या हळुवारपणे झालं नाही. वर्तमानपत्रांत रोज छापून येणाऱ्या स्पायडरमॅनच्या चित्रपट्टीत दोघांचं लग्न लावायचं ठरलं, म्हणून मासिकातही ते घाईघाईने उरकलं गेलं. मागणी घालण्यापासून मांडवापर्यंत जेमतेम काही अंक. जाहिरात मात्र जंगी झाली. जूनमध्ये न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागातल्या शे स्टेडियमवर, बेसबॉलच्या सामन्याआधी, हजारो प्रेक्षकांसमोर नटांना वेश चढवून लग्न लावलं आणि ते लावायला पात्राच्या जनकांपैकी एक, लेखक स्टॅन ली, स्वतः उभा राहिला. क्वीन्स म्हणजे पीटरचं राहतं गाव. लग्नाचे विरोधक आजही याच घाईकडे बोट दाखवतात आणि म्हणतात, मुळात हे लग्न कथेच्या गरजेतून आलंच नव्हतं. हे खरं आहे. पण पुढच्या वीस वर्षांत लेखकांनी त्या लग्नात जीव ओतला, हेही तितकंच खरं आहे.

कार्यालयातली अस्वस्थता लवकरच दिसू लागली. नव्वदच्या दशकातल्या लांबलेल्या क्लोन प्रकरणामागे (पीटरच्या हुबेहूब प्रतिकृतीची कथा) विवाहित पीटरला बाजूला सारून कोरा, मोकळा स्पायडरमॅन आणण्याचाही विचार होता. मेरी जेनला दिवस गेले; १९९६ मध्ये ते मूलही कथेतून काढून टाकलं. ती मुलगी १९९८ मध्ये दुसऱ्या विश्वात 'स्पायडर-गर्ल' म्हणून आली आणि वाचकांनी ती मालिका बंद पडता पडता पुन्हा पुन्हा वाचवली, हे लक्षात ठेवावं. २००० मध्ये विमानाच्या स्फोटात मेरी जेनच गेली असं दाखवलं. वाचकांना ते पटलं नाही, मग ती परत आली. २००१ मध्ये सूत्रं हाती घेतलेल्या लेखकाने दुरावलेल्या नवरा-बायकोला हळूहळू, जबाबदार माणसांसारखं एकत्र आणलं. माझ्या मते स्पायडरमॅनचा संसार सगळ्यात चांगला लिहिला गेला तो याच काळात.

त्याच लेखकाच्या हातून तो संसार मोडला गेला, आणि तिथेच गाठ बसली.

२००६ च्या, नायकांमधल्या गृहयुद्धाच्या कथेत पीटरने जगासमोर मुखवटा काढला. पाठोपाठ त्याच्यावर झाडलेली गोळी त्याला वाढवणाऱ्या मे काकूंना लागली. २००७ च्या अखेरीस चार अंकांची 'वन मोअर डे' ही कथा आली. काकू मरणाच्या दारात, डॉक्टरांनी हात टेकलेले, जादूगारही हतबल. तेव्हा मेफिस्टो हा सैतान येतो आणि सौदा मांडतो: काकूंचा जीव देतो, त्या बदल्यात तुमचं लग्न द्या. घटस्फोट नव्हे. लग्न कधी झालंच नव्हतं, असं जग लिहिलं जाईल. दोघं हो म्हणतात.

कथेतलं सगळ्यात क्रूर पान अगदी साधं आहे. आधीच्या अंकात पीटरला रस्त्यात एक लालकेसाची लहान मुलगी भेटलेली असते. सौद्याच्या वेळी मेफिस्टो सांगतो, ती तुमची मुलगी होती, आता ती जन्मालाच येणार नाही. पुढची पानं मध्यरात्रीची वाट बघत एकमेकांना घट्ट धरून बसलेल्या जोडप्याची. मग सकाळ होते. पीटर काकूंच्या घरात एकटा जागा होतो, मेलेला मित्र हॅरी जिवंत असतो आणि त्याच्या घरच्या पार्टीत नव्या दिवसाच्या नावाने पेले उंचावले जातात. मेरी जेन त्याच पार्टीतून त्याच्याशी न बोलता निघून जाते.

हा निर्णय लेखकाचा नव्हता. तत्कालीन मुख्य संपादक कित्येक वर्षं जाहीरपणे सांगत आले होते की लग्नामुळे पात्र म्हातारं वाटतं. आणि या चार अंकांची चित्रंही त्यांनीच काढली. त्यांचा युक्तिवाद सरळ होता. घटस्फोट दाखवला तर पीटर घटस्फोटित होतो, बायको मारली तर विधुर होतो. दोन्हींत तो अधिकच प्रौढ होतो, तेव्हा लग्न मुळातूनच नाहीसं करायला हवं. लेखकाने तर शेवटच्या दोन अंकांवरून आपलं नाव काढून घ्यायचं मनात असल्याचं उघड सांगितलं. नाव राहिलं, पण मतभेद चव्हाट्यावर आला.

संपादकांच्या बाजूने बोलण्यासारखं आहे आणि ते बोललं पाहिजे. पंचवीस वर्षांनी येणाऱ्या वाचकालाही पहिल्या वाचकाइतकाच तरुण स्पायडरमॅन मिळावा, ही चिंता खोटी नव्हती. पुढच्या काळात काही उत्तम कथा आल्या, त्याही एकट्या पीटरवर. पण उपाय असा निवडला की नायकाचं चारित्र्यच पणाला लागलं. ज्या माणसाचा सगळा इतिहास स्वतःच्या चुकांची जबाबदारी घेण्याचा, तो वयोवृद्ध काकूंचा मृत्यू पत्करू शकत नाही आणि सैतानाच्या हाताला हात लावतो. काकूंना विचारलं असतं तर त्यांनी काय सांगितलं असतं, हे कुठल्याही वाचकाला ठाऊक आहे. २०१० च्या एका कथेत तपशील भरला: लग्नाच्या दिवशी पीटर जखमी होऊन पोचलाच नाही, पुढे दोघं लग्नाविना एकत्र राहिले, बाकी सगळं जसं घडलं तसंच. म्हणजे वीस वर्षांच्या कथा खऱ्या, फक्त लग्न खोटं. या दुरुस्तीने कुणाचंही समाधान झालं नाही, कारण तेवढंच काढून नायक तरुण होतो हे कुणाला पटणार?

गंमत म्हणजे वर्तमानपत्रातल्या पट्टीतही हाच प्रयोग झाला. जानेवारी २००९ मध्ये तिथला पीटर अविवाहित झाला. रोजच्या वाचकांनी तक्रारी केल्या आणि त्याच वर्षी मे महिन्यात, ते सगळं स्वप्न होतं असं दाखवून, लग्न जसंच्या तसं परत आणलं. पट्टीच्या वाचकांचं पाच महिन्यांत ऐकलं गेलं, मासिकाच्या वाचकांचं अजून नाही.

डीसी या प्रतिस्पर्धी प्रकाशकाने सुपरमॅनच्या बाबतीत नेमकं हेच केलं होतं. १९९६ मध्ये लागलेलं क्लार्क आणि लोइसचं लग्न २०११ च्या नव्या सुरुवातीत पुसलं गेलं. पाच वर्षांनी, २०१६ मध्ये, विवाहित सुपरमॅन परत आला, सोबत दहा वर्षांचा मुलगा घेऊन. सुपरमॅन त्याने म्हातारा झाला नाही. उलट बाप-लेकाच्या त्या मालिकेने नवे वाचक आणले. म्हणून 'लग्न झालेल्या नायकाच्या गोष्टी रंगत नाहीत' हा दावा मला आता ऐकवत नाही.

निर्णय घेणारे मुख्य संपादक २०११ मध्ये त्या पदावरून गेले. त्यांच्यानंतर दोघे आले. निर्णय मात्र जागचा हलला नाही. २००८ पासून मालिका महिन्यातून तीनदा, आळीपाळीच्या लेखकांवर चालली; मग २०१० ते २०१८ एकाच लेखकाने ओढली. खलनायक डॉक्टर ऑक्टोपसने पीटरचं शरीर बळकावलं ती २०१३ ची मालिका त्याचीच. मला ती मनापासून आवडते, आणि एकट्या पीटरचं युग वाया गेलं असं मी म्हणत नाही ते तिच्यामुळेच. २०१८ मध्ये आलेल्या पुढच्या लेखकाने पहिल्याच अंकात दोघांना पुन्हा एकत्र आणलं आणि तीन वर्षं मेफिस्टोच्या सौद्याभोवती कथा फिरवत ठेवली. वाचक श्वास रोखून होते. २०२१ मध्ये त्याने मालिका सोडली तेव्हा सौदा होता तिथेच होता. दारापर्यंत नेऊन परत फिरवल्याची ती भावना अजून निवळलेली नाही.

एप्रिल २०२२ ची नवी सुरुवात याच जखमेवर आली. कथा सहा महिने पुढे उडी मारते: सगळे पीटरवर चिडलेले, मेरी जेन पॉल नावाच्या अनोळखी माणसाबरोबर आणि दोन मुलं तिला आई म्हणतात. हे का झालं, हे वर्षभर सांगितलंच नाही. सांगितलं तेव्हा कळलं, की ती दुसऱ्या मितीत अडकली होती, तिथे वर्षं गेली आणि इथे थोडाच काळ. मुलं तर खरी नव्हतीच. मे २०२३ च्या २६ व्या अंकात कमला खान, म्हणजे मिस मार्व्हल, पीटरच्या मासिकात मेली आणि दोनच महिन्यांत दुसऱ्या मासिकात जिवंत झाली. पाकिस्तानी-अमेरिकी घरातली ही मुलगी आपल्याकडच्या अनेक वाचकांनाही जवळची. तिचा मृत्यू दुसऱ्याच्या दुःखासाठी वापरला गेला याची चीड मला आजही आहे. तरीही या काळातला सगळा राग एका लेखकावर काढणं अन्यायाचं आहे. दोघांना एकत्र आणायचं नाही, ही चौकट त्याला वरून मिळालेली होती. चौकटीत राहून त्याने निवडलेली वाट वाईट होती, एवढा दोष त्याचा.

जानेवारी २०२४ मध्ये 'अल्टिमेट' आली ती या पार्श्वभूमीवर. पहिला अंक पुन्हा पुन्हा छापावा लागला. इथे दाढीवाल्या, स्थिरावलेल्या पीटरला कोळी उशिरा चावतो, पोशाख कसा असावा यात त्याची लहानगी लेक मत देते, आणि महिन्याचा अंक म्हणजे कथेतलाही महिना. बारकाईने पाहा: या विश्वात मे काकू वारल्या आहेत, मूळ कथेत सुरुवातीलाच मारले गेलेले बेन काका जिवंत आहेत आणि लग्न शाबूत आहे. २००७ च्या सौद्याची ही पाने उलटी लावलेली आहेत. हे योगायोगाने घडलं असेल असं मला वाटत नाही.

मुंबई-पुण्यात आपण बहुतेक जण हे सगळं वर्गणीच्या ॲपवर, छापील अंकानंतर साधारण तीन महिन्यांनी वाचतो, त्यामुळे निकाल आधी कळतो आणि कथा नंतर. म्हणूनच लेखकाविषयीचं मत अंक उघडण्याआधी बनवू नये, इतपत आग्रह धरतो. २०२५ मध्ये मुख्य मालिका नव्या लेखकाकडे, नव्या पहिल्या अंकाने सुरू झाली. त्याच वर्षी मेरी जेन दुसऱ्याच मालिकेत व्हेनम (स्पायडरमॅनचा जुना शत्रू) झाली. आणि 'अल्टिमेट'चं अख्खं विश्व २०२६ मध्ये संपवण्याचं जाहीर झालं. विवाहित पीटरची खपणारी मालिका बंद होत असताना मुख्य मालिकेच्या लेखकाला तो विषय उघडायची मोकळीक आता तरी मिळायला हवी.