बाय की टिल? मराठीत दोघांना एकच ‘पर्यंत’

‘पाच वाजेपर्यंत ऑफिसात आहे’ आणि ‘पाच वाजेपर्यंत ऑफिसात येतो’. ‘पर्यंत’ दोन्हीकडे तोच, तरी मराठी माणूस गोंधळत नाही. पहिला माणूस आत्ता तिथे आहे आणि पाचला निघणार. दुसरा अजून पोचायचा आहे. इंग्रजीत पहिल्याला टिल लागतं, दुसऱ्याला बाय. ‘आय विल बी इन द ऑफिस बाय फाइव्ह’ असा निरोप वाचणारा साडेपाचला येतो, कारण त्याच्या समजुतीने तुम्ही पाचला पोचणार आहात. तुम्हाला म्हणायचं होतं टिल फाइव्ह. त्याला कुलूप दिसतं.

टिल म्हणजे एखादी स्थिती किंवा काम त्या वेळेपर्यंत सलग चालतं. बाय म्हणजे एखादी गोष्ट त्या वेळेला किंवा तिच्याआधी कधीतरी घडून जाते. टिल आणि अंटिल यांच्या अर्थात फरक नाही. अंटिल किंचित औपचारिक, एवढंच. टिल हे अंटिलचं आखूड रूप आहे असा समज आहे, पण दोघांत टिलच जुना. म्हणून टिलच्या डोक्यावर अपॉस्ट्रॉफी लावायचं कारण नाही. टिलमध्ये एल दोन, अंटिलमध्ये एक.

मग मराठीत घोटाळा का होत नाही? कारण आपण ही खूण क्रियापदात ठेवतो. ‘रात्रीपर्यंत अहवाल लिहीत बसेन’ आणि ‘रात्रीपर्यंत अहवाल लिहून टाकेन’ ही वाक्यं शेजारी ठेवा. लिहीत बसणं, वाट पाहत राहणं, चालू असणं, थांबणं हे सगळं टिलचं घर. लिहून टाकणं, वाचून काढणं, करून ठेवणं, पोचणं, भरणं, पाठवणं हे बायचं. शंका आली की मनातल्या मराठी वाक्यात ‘-त राहीन’ बसतं की ‘-ून टाकेन’ ते बघायचं. सर्वांत जास्त आढळणारी चूक इथेच सापडते: ‘आय विल सेंड द फाइल टिल टुमॉरो’. पाठवणं एकदाच होतं. टिल घातल्यावर तीच फाइल उद्यापर्यंत पुन्हा पुन्हा पाठवत राहणार, असं ऐकू येतं. हवं आहे बाय टुमॉरो.

‘पर्यंत’ क्रियापदाला चिकटतं तेव्हाही हीच कसोटी लावायची, फक्त बायला जोड लागते. ‘तू येईपर्यंत मी थांबते’: आय विल वेट टिल यू कम. ‘तू येईपर्यंत मी स्वयंपाक करून ठेवते’: इथे नुसतं ‘बाय यू कम’ चालत नाही, कारण बायच्या पुढे अख्खं वाक्य बसत नाही. बाय द टाइम यू कम, आय विल हॅव कुक्ड. दोन्ही ठिकाणी कम आहे, विल कम नाही. वेळ भविष्यातली असली तरी टिल आणि बाय द टाइम यांच्या पुढे वर्तमानकाळच येतो.

सर्वांत चिवट चूक मात्र नकाराची. मराठीत ‘जोपर्यंत तुम्ही पैसे भरत नाही, तोपर्यंत माल निघणार नाही’ असे दोन नकार लागतात आणि ते बरोबरच आहेत. तेच इंग्रजीत ओतलं की होतं ‘अंटिल यू डोन्ट पे, वी विल नॉट शिप’. अंटिलमध्ये ती वेळ येईस्तोवरचा अर्थ आधीच आहे, त्यामुळे डोन्ट उडवायचा: अंटिल यू पे. डोन्ट ठेवायचाच असेल तर अंटिल काढून इफ किंवा ॲज लाँग ॲज घाला.

मुख्य वाक्य नकारार्थी असेल तर दोन्ही शब्द बसतात, पण अर्थ वेगळे. ‘ही वोन्ट कम टिल फाइव्ह’ म्हणजे पाचच्या आधी येणार नाही, पाचच्या सुमारास येईल. ‘ही वोन्ट कम बाय फाइव्ह’ म्हणजे पाचची वेळ त्याला गाठता येणार नाही. मग सहा वाजोत की आठ. पाहुण्यांना स्टेशनवरून आणायला जाणाऱ्याने हा फरक नीट ऐकावा.

‘पर्यंत’ जागेला किंवा संख्येला लागलं तर दोन्ही शब्द बाजूला ठेवा. दादरपर्यंत चालत गेलो: ॲज फार ॲज दादर. दहापर्यंत माणसं मावतात: अप टु टेन. आणि ‘टिल डेट’ आपल्याकडे सर्रास लिहिलं जातं, पण परदेशी वाचकासाठी ‘टु डेट’ किंवा ‘सो फार’ लिहा.

बायची बाकीची कामं मराठीत बहुतेक ‘ने’ करतो, आणि तिथे त्याची गाठ विथशी पडते. बसने म्हणजे बाय बस, पण सुरीने म्हणजे विथ अ नाइफ. बाय कार चालतं. माय आला की मात्र इन माय कार. पायी म्हणजे ऑन फूट. आकड्यांत तर मराठी सरळच सांगते: १२,००० चं भाडं २,००० रुपयांनी वाढलं तर बाय, १४,००० वर गेलं तर टु. पोटनिवडणुकीतलं ‘पोट’ बाय-इलेक्शनमधल्या बायला अगदी चपखल आहे. सोसायटीच्या बायलॉजना आपण त्याच धर्तीवर उपविधी म्हणतो, पण तिथला बाय बहुधा गाव या अर्थाच्या जुन्या स्कँडिनेव्हियन शब्दातून आलेला. डर्बी, व्हिटबी या इंग्लंडमधल्या गावांच्या नावाच्या शेवटीही तोच बसला आहे.

उरला तारखेचा प्रश्न. बाय फ्रायडेमध्ये शुक्रवार धरतात. बिफोर फ्रायडे म्हटलं की गुरुवार शेवटचा. ‘ऑन लीव्ह टिल फ्रायडे’ हे मात्र इंग्रजी मातृभाषा असलेल्यांनाही संदिग्ध वाटतं: शुक्रवारी माणूस कामावर की घरी? अमेरिकेत थ्रू फ्रायडे म्हणतात, म्हणजे शुक्रवार सुट्टीत धरून. ब्रिटिश वाचकाला ते ओळखीचं वाटेलच असं नाही. रजेच्या अर्जात टिलपाशी थांबू नका, पुढे ‘बॅक ऑन मंडे’ जोडा.