हिरवळ, उष्ण हंगामी गवताची (बियांपासून लागवड व निगा)

उन्हाळ्यात जोमाने वाढणाऱ्या आणि थंडीत सुप्तावस्थेत जाणाऱ्या बहुवर्षायू गवतांचे बी पेरून तयार केलेले व वेळोवेळी कापून ठरावीक उंचीवर राखलेले दाट आच्छादन. हरळी (बर्म्युडा), झोयसिया, सेंटिपीड, बाहिया आणि बफेलो ही या गटातली बियांपासून लावता येणारी प्रमुख गवते. गवताचे तयार पट्टे अंथरण्यापेक्षा बी पेरणे बरेच स्वस्त पडते. मात्र पेरल्यापासून जमीन पूर्ण झाकली जाईपर्यंतचे काही आठवडे या पद्धतीत फार नाजूक असतात आणि हिरवळीचे भवितव्य बहुतेक वेळा तेवढ्यातच ठरते.

ही गवते मका, ज्वारी आणि ऊस यांच्याप्रमाणे सी-४ मार्गाने प्रकाशसंश्लेषण करतात. पानाच्या आतील पेशींत कार्बन डायऑक्साइड एकवटला जात असल्याने कडक उन्हात प्रकाशश्वसनामुळे (उजेडात ऑक्सिजन घेऊन कार्बन वाया घालवणाऱ्या क्रियेमुळे) होणारी नासाडी जवळपास टळते. सुमारे २७ ते ३५° से. तापमानात त्यांची वाढ सर्वाधिक असते आणि तेवढ्याच वाढीसाठी त्यांना थंड हंगामी गवतांपेक्षा पाणीही कमी लागते. राईग्रास, फेस्क्यू, ब्लूग्रास ही थंड हंगामी गवते साधारण १५ ते २४° से. मध्ये खुलतात आणि भर उन्हाळ्यात मलूल होतात. उष्ण हंगामी गवतांची दुखरी बाजू म्हणजे सावली आणि थंडी. हरळीला दिवसाकाठी ६ ते ८ तास थेट ऊन लागते, झोयसिया त्याहून थोड्या कमी उन्हात निभावून नेते. झाडाखाली हरळीचे बी पुन्हा पुन्हा पेरणे म्हणजे बियाणे वाया घालवणे.

या गटातली सगळीच गवते बियांपासून येत नाहीत. खेळाच्या मैदानांवर दिसणारी अनेक तलम गवते संकरित हरळीची असतात. साधी हरळी आणि आफ्रिकी हरळी यांच्या संकरातून अमेरिकेत जॉर्जिया राज्यातील टिफ्टन येथे विकसित झालेला व १९६० मध्ये प्रसारित झालेला ‘टिफवे’ हा त्यातला प्रसिद्ध वाण. त्याच्या पेशींत गुणसूत्रांचे तीन संच असल्याने त्याला जननक्षम बी धरत नाही, म्हणून तो खोडाच्या तुकड्यांनी किंवा पट्ट्यांनीच लावावा लागतो. सेंट ऑगस्टीन गवताचेही तेच, त्याचे बियाणे बाजारात जवळजवळ मिळत नाही. झोयसियातल्या रुंद पानाच्या जपानी जातीचे ‘झेनिथ’, ‘कॉम्पाड्रे’ यांसारखे वाण मात्र बियांपासून येतात.

हरळीचे बी अतिशय बारीक असते. तूस काढलेले एक ग्रॅम बी घेतले तर त्यात ४,००० च्या आसपास दाणे भरतात, बाहियाचे जेमतेम ४०० ते ६००. तूस काढलेले बी लवकर रुजते. तुसासकटचे बी सावकाश उगवते, म्हणून थंडीच्या अखेरीस पेरून उबेची वाट पाहायची असेल तर ते वापरतात. बाहियाचे कवच टणक व मेणचट असल्याने ते खरवडून किंवा प्रक्रिया करून घेतलेले बी बरे. बफेलो गवताचे दाणे काटेरी बोंडात बंद असतात आणि त्यांची सुप्तावस्था मोडण्यासाठी बोंडांवर पोटॅशियम नायट्रेटची प्रक्रिया करतात.

बियाण्याच्या पिशवीवरचे लेबल नीट वाचावे, कारण वजनाने घेतलेले सगळे बी नसते. पाणी धरून ठेवणारा लेप दिलेल्या बियाण्यात निम्मे वजन लेपाचेच असू शकते. समजा, १ किलो पिशवीत ५० टक्के शुद्ध बी आहे आणि उगवणशक्ती ८५ टक्के आहे, तर उगवू शकणारे बी ४२५ ग्रॅमच भरते. दर चौरस मीटरला तूस काढलेली, बिनलेपाची हरळी ५ ते १० ग्रॅम लागते. झोयसियाचे प्रमाणही साधारण तेवढेच, सेंटिपीडचे १ ते २.५ ग्रॅम, बफेलोच्या बोंडांचे १० ते २० ग्रॅम, तर बाहियाचे २५ ते ५० ग्रॅम. दुप्पट बी टाकले की हिरवळ दुप्पट दाट होते, हा गैरसमज आहे. रोपांची खेटाखेट झाली की ती बारीक व लेची राहतात आणि बुरशीला लवकर बळी पडतात.

पेरणीची वेळ कॅलेंडर पाहून ठरवण्यापेक्षा जमिनीत तापमापक खोचून ठरवावी. सकाळच्या वेळी ५ सेंमी. खोलीवर तापमान सलग काही दिवस १८° से.च्या वर राहिले की पेरणीला हरकत नाही, २० ते ३०° से. असेल तर उत्तम. थंड मातीत पडलेले बी उगवत नाही, कुजते किंवा पक्ष्यांच्या पोटात जाते, आणि मोकळ्या जागेवर तण आधी कब्जा करते. दुसरी मर्यादा हंगामाच्या शेवटाकडची. हिमकडा (दव गोठवणारी थंडी) पडणाऱ्या प्रदेशात पहिल्या हिमकड्यापूर्वी निदान ९० दिवस हाताशी हवेत, नाहीतर रोपांची मुळे खोल जाण्याआधीच थंडी त्यांना गाठते. जिथे कडक थंडी नसते, तिथे पावसाचा अंदाज घ्यावा लागतो. मुसळधार सरीने सुटे बी उताराच्या टोकाला जाऊन साचते.

जमिनीची तयारी हे या कामातले सर्वांत कष्टाचे आणि सर्वांत जास्त टाळले जाणारे काम. जुने तण नुसते उपटून भागत नाही. लव्हाळ्याचे कंद आणि जुन्या हरळीची जमिनीखालची खोडे मागे राहिली की ती नव्या गवतातून वर येतात, आणि झोयसियात घुसलेली हरळी पुढे वेगळी काढणे जवळजवळ अशक्य असते. म्हणून जमीन तयार करून, पाणी देऊन दोन-तीन आठवडे तण मुद्दाम उगवू द्यावे, मग ते मारून, माती फारशी न हलवता पेरणी करावी. खोदल्यास खालचे नवे तणबीज वर येते. उगवणीपूर्वी वापरायची तणनाशके या काळात जमिनीत नसावीत, कारण त्यांतली बहुतेक गवताच्या बियांनाही रुजू देत नाहीत.

माती वाफशावर असताना १० ते १५ सेंमी. खोल भुसभुशीत करून तीत कुजलेले कंपोस्ट मिसळतात. बांधकामापासून दूर जाणारा १ ते २ टक्के उतार, म्हणजे दर मीटरला १ ते २ सेंमी., पाणी साचू न देण्यास पुरतो. ढेकळे फोडून, दगड वेचून, दंताळ्याने पृष्ठभाग सपाट करावा आणि हलका रोलर फिरवावा. चालून पाहिले असता पाऊल एक-सव्वा सेंटिमीटरपेक्षा जास्त रुतत असेल तर माती अजून पोकळ आहे असे समजावे. बहुतेक जातींना ६ ते ७ सामू (मातीची आम्लता दाखवणारा पीएच आकडा) मानवतो. सेंटिपीडला मात्र आम्लधर्मी, ५ ते ६ सामूची माती लागते. तिथे सवयीने चुना टाकला तर लोहाच्या कमतरतेने पाने पिवळी पडतात.

बारीक बी हाताने एकसारखे पडत नाही, म्हणून ते कोरड्या वाळूत मिसळतात. मिश्रणाचे दोन भाग करून एक उभ्या आणि दुसरा आडव्या दिशेने फेकावा. त्यानंतर दंताळ्याची पाठ हलकेच फिरवून बी ३ ते ६ मिमी. मातीआड करावे. थोडे बी वर उघडे दिसले तरी बिघडत नाही. झोयसियाच्या बियांना रुजायला उजेड लागत असल्याने ते तर पृष्ठभागालगतच ठेवावे. बी खोल गाडण्याची हौस इथे महागात पडते, कारण एवढ्याशा दाण्यातला साठा कोंबाला जाड थरातून वर ढकलायला पुरत नाही. शेवटी पुन्हा रोलर फिरवला की बी मातीला घट्ट टेकते. वर तणबीजविरहित काडाचा पातळ थर पसरावा, इतका पातळ की खालची निम्मी माती दिसत राहील.

यानंतर सगळी मदार पाण्यावर. वरचा एक-दोन सेंटिमीटरचा थर सतत ओलसर राहायला हवा. त्यासाठी उन्हाच्या दिवसांत तीन-चार वेळा, दर वेळी काही मिनिटेच, बारीक तुषारांनी पाणी देतात. फुगलेल्या बियातून आधी केसासारखे मूळ बाहेर येते, मग सुईसारखे एकच पान. या दोहोंच्या मधल्या काळात एक दुपार जरी माती पूर्ण सुकली तरी रुजलेला दाणा मरतो, आणि तो पुन्हा रुजत नाही. उलट, धारेने पाणी सोडले तर बी वाहून ओहोळांच्या रेषांत उगवते. रात्रभर ओल राहिल्यास कोवळी रोपे बुडाशी कुजून कोलमडतात, म्हणून दिवसाचे शेवटचे पाणी संध्याकाळपूर्वी द्यावे. हरळी साधारण ७ ते १४ दिवसांत उगवते, झोयसिया १४ ते २१ दिवसांत. सेंटिपीड आणि बाहियाला चार आठवडेही लागू शकतात.

तिसऱ्या आठवड्यात पेरणी फसली असे वाटण्याजोगे दृश्य असते : इकडे तिकडे चार हिरव्या सुया, मधे उघडी माती आणि त्यात तणाची रोपे मात्र ठसठशीत. इथे घाई करून सगळीकडे पुन्हा बी टाकू नये. हरळीच्या रोपाला फुटवे आले की त्यांतून धावती खोडे निघतात. ती जमिनीलगत सरकतात, प्रत्येक पेरापाशी मुळे धरतात आणि तिथून नवे रोप उभे राहते. उन्हाळ्यात नत्र व पाणी मिळाले तर दोन-तीन महिन्यांत मोकळ्या जागा मिटतात. सेंटिपीड आणि झोयसिया यांना याहून बराच जास्त वेळ, कधीकधी पुढचा हंगामही लागतो. तळहातापेक्षा मोठे टक्कल राहिले असेल तेवढ्याच नांग्या भराव्यात. बाहिया फारशी पसरत नाही, म्हणून तिथे सुरुवातीचे बीच पुरेसे दाट लागते.

उगवणीनंतर पाण्याच्या पाळ्या कमी करत प्रत्येक पाळी लांबवत जावी, म्हणजे मुळे खाली उतरतात. पूर्ण बसलेल्या हिरवळीला पावसासकट आठवड्याला सुमारे २५ मिमी. पाणी पुरते, वालुकामय जमिनीत ते दोनदा विभागून द्यावे. गवतावर निळसर करडी छटा आली किंवा चालल्यावर पावलांचे ठसे तसेच उमटून राहिले की पाण्याची वेळ झाली.

कापणीत एकाच वेळी पानाच्या उंचीच्या एक तृतीयांशापेक्षा जास्त भाग काढू नये, असा नियम आहे. त्यामागे १९५५ साली अमेरिकेच्या कृषी खात्याने प्रसिद्ध केलेला एफ. जे. क्रायडर यांचा अभ्यास आहे. निम्मा किंवा त्याहून जास्त पाला काढला की मुळांची वाढ काही काळ थांबते, असे त्यांना आढळले. साधी हरळी २.५ ते ४ सेंमी., झोयसिया २.५ ते ५ सेंमी., सेंटिपीड ३ ते ५ सेंमी., बफेलो ५ ते ८ सेंमी. आणि बाहिया ७ ते १० सेंमी. उंच ठेवतात. पहिली कापणी गवत ठरलेल्या उंचीच्या एक तृतीयांशाने वर गेल्यावर, माती कोरडी असताना आणि धारदार पात्यानेच करावी. बोथट पाते कोवळी रोपे मुळासकट उपटते. कापलेला पाला बारीक असेल तर जागीच राहू द्यावा, त्यातून वर्षाच्या नत्राचा सुमारे चौथा हिस्सा परत मिळतो.

नत्राच्या बाबतीत जातीजातींत मोठा फरक आहे. हरळीला वाढीच्या हंगामात दर चौरस मीटरला १० ते २० ग्रॅम नत्र हप्त्याहप्त्याने, एका वेळी ५ ग्रॅमपेक्षा जास्त नाही अशा बेताने देतात. सेंटिपीडला वर्षाला ५ ते १० ग्रॅम पुरे. त्याला हरळीसारखे खाऊ घातले तर ते गर्द हिरवे दिसते खरे, पण पुढच्या वसंतात जागोजाग मरते. स्फुरद व पालाश माती तपासूनच द्यावे. थंडीच्या प्रदेशात पहिल्या हिमकड्यापूर्वी सुमारे सहा आठवडे नत्र थांबवतात.

हरळी आणि झोयसिया यांच्या बुडाशी काही वर्षांत वाळक्या खोडा-मुळांचा स्पंजसारखा थर साठतो. तो सव्वा सेंटिमीटरपेक्षा जाड झाला की पाणी व खत मातीपर्यंत पोचत नाही आणि रोग-किडींना आसरा मिळतो. हा थर उभ्या पात्यांच्या यंत्राने खरवडणे, तसेच तुडवून घट्ट झालेल्या मातीला पोकळ नळ्यांनी भोके पाडणे, ही दोन्ही कामे गवत भरभरून वाढत असतानाच करावीत. मुळे खाणारी हुमणी, पाने फस्त करणाऱ्या लष्करी अळ्या आणि ओलसर, गार हवेत गोल डाग पाडणारी रायझोक्टोनिया बुरशी हे नेहमीचे शत्रू. तणनाशक मात्र नव्या हिरवळीवर दोन-तीन कापण्या होईपर्यंत वापरू नये, आणि नंतरही लेबलावर त्या गवताच्या जातीचे नाव असेल तरच.

जमिनीचे तापमान १० ते १३° से.च्या खाली गेले की वाढ थांबते आणि पाने तपकिरी होतात. ही सुप्तावस्था असते, गवत मेलेले नसते : जमिनीलगतचे खोडाचे भाग ओढून पाहिले तर ते पांढरट व टणक लागतात. या काळात खत देऊन ते हिरवे होत नाही. वर्षभर हिरवा रंग हवा असेल तेथे शरदात राईग्रासचे बी वरून पेरतात. ते थंडीभर हिरवे राहते, पण वसंतात हरळी फुटू लागताच ऊन, पाणी व नत्र यांसाठी तिच्याशी स्पर्धा करते आणि तिची वाढ लांबवते. त्यामुळे बियांपासून लावलेल्या हिरवळीच्या पहिल्या वर्षी ही पेरणी सहसा करत नाहीत.