‘वाडा चिरेबंदी’: प्रतीकांच्या आधीचा सात-बारा

महेश एलकुंचवारांचं ‘वाडा चिरेबंदी’ १९८५ मध्ये विजया मेहतांच्या दिग्दर्शनात रंगमंचावर आलं. विदर्भातलं धरणगावकर देशपांड्यांचं घर. घरातले कर्ते तात्याजी वारलेत, मुंबईहून मुलगा सुधीर आणि सून अंजली आलेत आणि तेराव्याचा खर्च भागवायचा कसा, यावर घर अडलंय. ‘वाडा म्हणजे ढासळती सरंजामशाही’ हे वाक्य परीक्षेच्या पेपरात हमखास येतं. चूक नाही, पण पोकळ आहे. या नाटकातल्या वस्तूंना आधी सात-बारा आहे, अर्थ नंतर.

देशपांडे हा मुळात हुद्दा. देशमुखाने परगण्याचा वसूल बघायचा, देशपांड्याने हिशेब आणि दप्तर. वंशपरंपरेचं वतन. दप्तर गेलं तरी जमीन आणि मान उरला. मग जमिनीवरही कायदे आले: विदर्भासाठीचा १९५८ चा कूळकायदा, १९६१ चा कमाल जमीनधारणा कायदा आणि १९७५ ची दुरुस्ती, जिने पाच माणसांच्या कुटुंबाला कोरडवाहू जमिनीची मर्यादा ५४ एकर केली. शेती पावसावरची, त्यात वाटण्या. मानाचं माप मात्र जुनंच राहिलं. बाप गेला की गावजेवण घालायचंच, मग त्यासाठी काय विकावं लागेल ते लागो.

दारातला गंजलेला ट्रॅक्टर याच घडामोडींतला. ट्रॅक्टर विकत घेता येतो. त्याला डिझेल लागतं, सुटे भाग लागतात आणि मुख्य म्हणजे बांधावर उभा राहणारा मालक लागतो. वतनदाराच्या घरात तोच नसतो. तात्याजींचा धाकटा मुलगा चंदू, त्याच्या पायाला जखम होते ती या ट्रॅक्टरची, आणि चिघळते. घरात निमूटपणे राबणारा तोच एक. प्रयोगात ट्रॅक्टरवर पहिल्यापासून प्रकाशझोत टाकला की हे सगळं फुकट जातं. प्रेक्षकाला तो आधी नुसती अडगळ वाटला पाहिजे.

दागिन्यांची पेटी हा नाटकाचा खरा आस. रात्री थोरला मुलगा भास्कर याच्यासमोर त्याची बायको, म्हणजे घरातली वहिनी, एकेक दागिना अंगावर चढवते, तो प्रवेश घाईत उरकला तर पुढची चोरी फक्त चोरी उरते. कारण घरातल्या बहुतेक स्वप्नांना भांडवल एकच, हे सोनं. सिनेमाच्या वेडापायी त्यांची मुलगी रंजू तेच घेऊन शिकवणीच्या मास्तरबरोबर मुंबईला पळते. शिकायचं राहून गेलेल्या प्रभाची, तात्याजींच्या अविवाहित मुलीची, वाटही त्यातूनच निघू शकली असती.

प्रभाला वाड्यातला वाटा का मागता येत नाही? १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याने वडिलांच्या हिश्श्यात मुलीला वारस केलं, पण कलम २३ ने राहत्या घराची वाटणी मागण्यापासून तिला अडवलं. घरातले पुरुष वारस वाटणी करतील तेव्हाच तिचा वाटा वेगळा होणार. अविवाहित मुलीला तिथे राहायचा हक्क तेवढा होता. सोन्याला हे कलम लागू नव्हतं, म्हणून पेटी रिकामी होणं भावांपेक्षा प्रभाला महाग पडतं.

१९९४ मध्ये ‘मग्न तळ्याकाठी’ आणि ‘युगान्त’ या पुढच्या दोन भागांसह ही त्रिनाट्यधारा चंद्रकांत कुलकर्णींनी सलग आठ-नऊ तासांची करून दाखवली. त्याच वर्षी महाराष्ट्राने अविवाहित मुलींना एकत्र कुटुंबाच्या मिळकतीत जन्मसिद्ध हक्क दिला. कलम २३ मात्र २००५ पर्यंत पुस्तकात राहिलं.