गाणे वाजवायला किती संगणक लागतो?

घरातला जुना लॅपटॉप भंगारात देण्याआधी त्याला गाणी वाजवण्याच्या कामावर बसवणे, ही आपल्याकडची सर्रास चाल आहे. स्पीकरची वायर जोडली आणि गाण्यांचा पेनड्राइव्ह लावला, की तो स्वयंपाकघराच्या ओट्याजवळ आणखी चार-पाच वर्षे सहज काढतो. अडचण येते ती सॉफ्टवेअरची. प्लेअर उघडायला मिनिटभर घेतो, उघडल्यावर फोल्डरांची मोजदाद करत बसतो आणि थोड्या वेळाने लॅपटॉपच्या पंख्याची घरघर तानपुऱ्यात मिसळू लागते. असा अनुभव घेतलेला माणूस ‘हलका’ प्लेअर शोधायला निघतो आणि बहुधा डाउनलोडचा आकार पाहून निवड करतो. हा निकष अगदीच चुकीचा नाही, पण अपुरा आहे. गाणे वाजवणे हे काम मुळात केवढे आहे हे एकदा कळले, की कोणता प्लेअर त्यापायी किती फाजील खर्च करतो, हे आपले आपल्यालाच ओळखता येते.

1982 मध्ये बाजारात आलेल्या ऑडिओ सीडीपासून हिशेब सुरू करू. तिच्यावर ध्वनिलहरीची उंची दर सेकंदाला 44,100 वेळा मोजलेली असते, प्रत्येक मोजमाप 16 बिटांत लिहिलेले असते आणि डाव्या-उजव्या बाजूंसाठी अशी दोन मोजमापे असतात. म्हणजे सेकंदाला 14,11,200 बिट, अर्थात 1,76,400 बाइट. पाच मिनिटांच्या गाण्याला या हिशेबाने सुमारे 53 एमबी लागतात. तेच गाणे 128 केबीपीएसच्या (सेकंदाला 1,28,000 बिटांच्या) एमपी3 फाईलमध्ये 4.8 एमबींत बसते, कारण कानाला ऐकू येण्याची शक्यता कमी, तो तपशील लिहिताना वगळलेला असतो. प्लेअरने करायचे काम इतकेच, की ही आवळलेली फाईल तुकड्यातुकड्याने उलगडायची आणि निघालेले आकडे साउंड कार्डाकडे वेळेवर पोहोचवायचे. एमपी3 मधल्या अशा एका तुकड्यात, म्हणजे फ्रेममध्ये, 1,152 मोजमापे असतात. ती वाजायला 26 मिलिसेकंद लागतात, म्हणून सेकंदाला साधारण 38 फ्रेम उलगडाव्या लागतात. 1997 मध्ये विनॅम्प हा प्लेअर आला तेव्हाच्या पेंटियम संगणकांना हे काम जाणवण्याइतके होते. आजच्या कुठल्याही प्रोसेसरला, आणि दहा वर्षे जुन्याही, ते जाणवतसुद्धा नाही.

मग पंखा का फिरतो? बहुतेक वेळा गाण्यामुळे नव्हे, गाण्याभोवतीच्या सजावटीमुळे. अलीकडचे कित्येक प्लेअर इलेक्ट्रॉन नावाच्या चौकटीवर बांधलेले असतात आणि त्या चौकटीत क्रोमियम हा अख्खा ब्राउझर अंतर्भूत असतो. अशा प्लेअरचे ‘पुढचे गाणे’ हे बटण दाखवायलाही आतून एक वेबपान रंगवले जाते आणि मेमरीचा वापर शेकडो एमबींवर जातो. नाचणाऱ्या पट्ट्यांचा दृश्यपरिणाम चालू असेल तर पडदा सेकंदाला साठ वेळा नव्याने रंगवावा लागतो. 38 फ्रेम उलगडण्यापेक्षा हे काम कितीतरी जड आहे. अल्बमच्या मुखपृष्ठाचेही तेच. फाईलमध्ये दडवलेले 3,000 गुणिले 3,000 ठिपक्यांचे चित्र डिस्कवर जेमतेम एखादा एमबी घेते, पण पडद्यावर दाखवण्यासाठी उलगडले की ठिपक्यामागे चार बाइट या हिशेबाने ते 36 एमबी होते. पाच मिनिटांच्या गाण्याच्या सातपटीहून जास्त मेमरी त्या गाण्याच्या फोटोने खाल्ली, असा हा उफराटा प्रकार आहे. म्हणून चाळीस मुखपृष्ठे एका वेळी मांडणारी देखणी खिडकी जुन्या लॅपटॉपवर अडखळते, आणि नुसती नावांची यादी दाखवणारा रूक्ष प्लेअर झटकन उघडतो.

हलकेपणाची दुसरी बाजू मेमरीच्या आकड्यात दिसत नाही, ती बॅटरीत दिसते. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीची मोटर दिवसातून एकदा लावून टाकी भरून घेता येते किंवा प्रत्येक बादलीसाठी चालू-बंद करता येते. पाणी तेवढेच मिळते, पण दुसऱ्या पद्धतीत मोटरीला उसंत मिळत नाही. प्लेअरचा बफर ही अशीच टाकी आहे. चांगला प्लेअर काही सेकंदांचे गाणे एकदम वाचून ठेवतो, तेवढा वेळ डिस्क शांत राहते आणि दोन हप्त्यांच्या मधल्या काळात प्रोसेसरला कमी विजेच्या अवस्थेत जाता येते. फिरत्या तबकडीची जुनी हार्ड डिस्क असेल तर हा फरक ऐकूही येतो: टाकी छोटी असली की मध्येमध्ये डिस्कची कुरकुर आणि क्वचित गाण्यात तुटकपणा येतो.

हे सगळे पुरे करूनही प्लेअर नापास होऊ शकतो, आणि शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्याला ते सर्वांत आधी कळते. मैफलीच्या ध्वनिमुद्रणात विलंबित ख्याल एका ट्रॅकमध्ये आणि द्रुत बंदीश पुढच्यात असते. गाणारा थांबलेला नसतो, तानपुरा तर नाहीच नाही. तुकडे आपण सोयीसाठी पाडलेले असतात. पण त्या सांध्यावर तानपुऱ्याचा अखंड नाद क्षणभर बंद पडतो आणि पुन्हा सुरू होतो. माझ्या संग्रहातल्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेल्या एका मैफलीत हा खड्डा मला बरीच वर्षे टेपचाच दोष वाटत होता. प्लेअर बदलल्यावर तो नाहीसा झाला.

कारण फ्रेमच्या रचनेत आहे. एमपी3 मध्ये अर्धी फ्रेम लिहिता येत नाही. गाण्यातली मोजमापे 1,152 च्या पटीत बसत नसतील, आणि ती सहसा बसत नाहीतच, तर शेवटची फ्रेम शांततेने भरून काढावी लागते. शिवाय फाईल बनवताना आणि उलगडताना वापरल्या जाणाऱ्या गणिती चाळण्यांमुळे आवाज मूळ जागेपासून थोडा मागे सरकतो. लेम हे एमपी3 फाईल बनवणारे प्रचलित सॉफ्टवेअर (एन्कोडर) सहसा 576 मोजमापांचा उशीर लावते, उलगडताना आणखी 529 ची भर पडते, म्हणजे गाण्याच्या सुरुवातीलाच 1,105 मोजमापांची, सुमारे 25 मिलिसेकंदांची, रिकामी जागा तयार होते. द्रुत तीनताल मिनिटाला 240 मात्रांच्या लयीत चालला असेल, तर एक मात्रा 250 मिलिसेकंदांची. नुसत्या या उशिरानेच मात्रेचा दहावा हिस्सा गिळला. त्यात शेवटच्या फ्रेमची भरती मिळवा; आणि पहिली फाईल संपल्यावरच दुसरी उघडायला जाणारा आळशी प्लेअर असेल, तर त्याचा वेळ वेगळा.

यावर उपाय फार पूर्वीच निघाला आहे. पुढे किती आणि मागे किती मोजमापे भरतीची आहेत, हे आकडे लेम फाईलच्या आरंभीच नोंदवून ठेवते. प्लेअरने ते वाचायचे, तेवढा भाग छाटायचा आणि चालू गाणे संपण्याआधीच पुढचे उलगडून तयार ठेवायचे. 2001 मध्ये पहिली पक्की आवृत्ती आलेल्या फ्लॅक या प्रकारात तर हा प्रश्नच नाही. त्यात एकही मोजमाप वगळले जात नाही आणि एकूण मोजमापे किती, हे फाईलच्या मथळ्यातच लिहिलेले असते. काही प्लेअर मात्र हा सांधा झाकण्यासाठी एक गाणे मंदावत दुसरे चढवतात आणि त्यालाच अखंड वादन म्हणून खपवतात. दोन वेगळ्या भावगीतांमध्ये ते खपून जाते, पण एका रागाच्या दोन भागांमध्ये तानपुरा दुहेरी ऐकू येतो, तो खड्ड्याहूनही वाईट.

मराठी श्रोत्याचा आणखी एक जाच नावांचा आहे. एमपी3 फाईलला नाव-गाव चिकटवण्याची पहिली पद्धत 1996 मध्ये आली. फाईलच्या शेवटी बरोबर 128 बाइटची चिठ्ठी आणि तीत गाण्याच्या नावासाठी 30 बाइट. रोमन लिपीला ते चालून गेले. यूटीएफ-8 या आजच्या सर्वमान्य पद्धतीत देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, आणि काना, वेलांटी, हलन्त ही चिन्हे वेगळी मोजली जातात. ‘यमन कल्याण’ 28 बाइटांत कसाबसा मावतो. ‘मियाँ मल्हार’ला 34 लागतात, त्याचा ‘मल्हा’तला काना मधोमध तुटतो आणि ‘र’ बाहेरच राहतो. त्यात ही जुनी चिठ्ठी कोणत्या लिपीत आहे हे सांगायची सोयच नसल्याने पुष्कळ प्लेअर ती पश्चिम युरोपीय अक्षरे समजून वाचतात, आणि मग यादीत डोक्यावर तिरपी रेघ असलेला रोमन ‘ए’ पुन्हा पुन्हा येऊन दात विचकतो. 1998 पासूनच्या दुसऱ्या पिढीच्या चिठ्ठीत युनिकोडला, म्हणजे सर्व लिप्यांना सामावणाऱ्या अक्षरसंचाला, जागा आहे. तेव्हा प्लेअर निवडताना तो ही नवी चिठ्ठी आधी वाचतो का, जोडाक्षरे नीट मांडतो का आणि शोधाच्या चौकटीत देवनागरीत लिहून गाणे सापडते का, एवढे पाहावे. देवनागरी नावांच्या पाच फाईलींवर हे पाच मिनिटांत कळते.

आवाजाच्या पातळीचा प्रश्न त्या मानाने सरळ आहे. जुन्या ध्वनिमुद्रणानंतर अलीकडचे सिनेगीत लागले की हात आपोआप आवाज कमी करायला जातो. डेव्हिड रॉबिन्सन यांनी 2001 मध्ये मांडलेली रिप्लेगेन ही पद्धत गाणे कानाला किती मोठे वाटेल हे आधीच मोजून एक आकडा चिठ्ठीत लिहिते आणि वाजवताना प्लेअर त्या मापाने पातळी वर-खाली करतो. मूळ आवाजाला हात लागत नाही. एकच दक्षता घ्यायची: मैफल ऐकताना ही दुरुस्ती ट्रॅकवार न ठेवता अल्बमवार ठेवावी, नाहीतर संथ आलापीही चढ्या आवाजात येते आणि गाणाऱ्याने राखलेला चढउतार सपाट होतो.

‘अमुक प्लेअरचा आवाज गोड आहे’ हे विधान मात्र मी फारसे मनावर घेत नाही. इक्वलायझर बंद असेल, तर दोन नीट लिहिलेले प्लेअर एकाच फ्लॅक फाईलमधून तेच आकडे काढतात. विंडोजमध्ये ते आकडे सर्वसाधारणपणे सगळ्या प्रोग्रॅमचे आवाज एकत्र करणाऱ्या ध्वनिमिश्रकातून जातात. साउंड कार्ड 48,000 च्या मापावर लावलेले असेल तर सीडीची 44,100 मोजमापे तिथे 147 ला 160 या प्रमाणात नव्याने आखली जातात, आणि ते काम प्लेअरचे नसून विंडोजचे असते. फरक ऐकू येतो तेव्हा बहुधा एकाची पातळी किंचित जास्त असते, आणि आपल्या कानाला थोडे मोठे तेच अधिक चांगले वाटते. मिश्रकाला वळसा घालण्याची सोय काही प्लेअरमध्ये असते, पण कुकरच्या शिट्ट्यांमधून भक्तिगीते ऐकणाऱ्याने तिच्या नादी लागू नये.

आता प्रत्यक्ष निवड. विंडोजवर मी गेली अनेक वर्षे फूबार2000 वापरतो. पूर्वी विनॅम्पच्या कंपनीसाठी काम केलेल्या पीटर पाव्लोव्स्की यांनी तो 2002 मध्ये प्रसिद्ध केला. दिसायला तो सरकारी फॉर्मसारखा आहे, पण अखंड वादन, रिप्लेगेनची मोजणी आणि युनिकोड या तिन्ही गोष्टी त्यात आहेत. देखणेपणा हवा असेल तर एआयएमपी किंवा म्युझिकबी पाहावा. लिनक्सवर ऑडेशस किंवा डेडबीफ हे दोन्ही पुरेसे हलके आहेत, आणि टर्मिनलची, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीची, भीती नसेल तर सीमस हा निव्वळ अक्षरांवर चालणारा प्लेअर अगदी थकलेल्या संगणकालाही पेलतो. व्हीएलसी बहुतेकांकडे असतोच आणि तो काहीही वाजवतो, पण त्याचा पिंड चित्रफितींचा आहे; सलग मैफलीसाठी तो मी वापरत नाही.

पारखताना एकाच मुद्रणाचे दोन सलग ट्रॅक घ्यावेत, पहिल्याच्या शेवटच्या दहा सेकंदांवर जावे आणि डोळे मिटून सांधा ऐकावा. मग खिडकी खाली दडवून टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचा आकडा पाहावा. गाणे चालू असताना तो शून्याच्या आसपास रेंगाळत नसेल, तर प्लेअर गाण्याखेरीज दुसरेच काहीतरी करतो आहे. फूबार2000 बसवताना पोर्टेबल हा पर्याय निवडला तर प्लेअर, त्याची मांडणी आणि याद्या पेनड्राइव्हवर गाण्यांशेजारीच राहतात. ओट्याजवळच्या लॅपटॉपने अखेर मान टाकली, की तो पेनड्राइव्ह काढून दुसऱ्या विंडोज लॅपटॉपला लावायचा.