लाल तिखटाची पुडी आणि पेपर स्प्रे: मिरची एकच, काम वेगळं

नंदुरबारला मिरचीच्या हंगामात पथाऱ्यांजवळून गेलेल्या माणसाला मिरची काय करते हे सांगावं लागत नाही. उन्हात लाल मिरची पसरलेली असते, वाऱ्याची एक झुळूक आपल्या बाजूला वळली की ठसका लागतो आणि डोळ्यांना धार लागते. म्हणूनच खानदेशातल्या कितीतरी घरांत मुलगी शिकायला किंवा नोकरीला बाहेरगावी निघाली की माय तिच्या पर्समध्ये लाल तिखटाची पुडी सरकवते. दुकानातल्या पेपर स्प्रेच्या महागड्या बाटलीत तरी काय असतं, मिरचीच ना, असा साधा हिशेब.

हा हिशेब अर्धाच बरोबर आहे. झोंबणारा पदार्थ दोन्हींत एकच, कॅप्सेसिन. पण अंगावर धावून आलेल्या माणसाला थांबवताना मिरची किती तिखट आहे याला फार किंमत नसते. ती त्याच्या डोळ्यांपर्यंत किती सेकंदांत पोहोचते आणि वाटेत आपल्याच डोळ्यांत जाते का, यावर सगळं ठरतं. इथेच पुडी आणि स्प्रे यांच्या वाटा वेगळ्या होतात.

आधी नावाचा घोळ मिटवू. ‘पेपर’ म्हटल्यावर अनेकांना काळी मिरी आठवते. काळ्या मिरीचा तिखटपणा पायपरीन नावाच्या वेगळ्या पदार्थाचा असतो आणि पेपर स्प्रेशी त्याचा संबंध नाही. स्प्रेमध्ये असतो तो मिरचीचा अर्क, ओलिओरेझिन कॅप्सिकम. बाटलीवर हे नाव किंवा ‘ओसी’ ही अक्षरं नसतील तर ती घेऊच नका, कारण आतमध्ये नुसता उग्र वासाचा फवारा असू शकतो.

मिरची उभी चिरली की आत बिया धरून ठेवणारी पांढरट शीर दिसते. बहुतेक कॅप्सेसिन त्या शिरेत असतं. बियांना तिखटपणा येतो तो शिरेला चिकटून असल्यामुळे. घरचं तिखट दळताना साल, बिया, शीर सगळं एकत्र जातं, त्यामुळे पुडीतला बराचसा भाग रंग आणि कोंडा असतो, झोंबणारा अंश वजनाच्या एक टक्क्याच्या आसपास किंवा त्याहूनही कमी. अर्क काढताना मात्र द्रावक वापरून तेवढा तेलकट, दाट लाल भाग वेगळा करतात, तो द्रवात मिसळतात आणि दाबाखालच्या वायूसह डब्यात भरतात. बाटलीवरचे ‘वीस लाख स्कोव्हिल’ (स्कोव्हिल म्हणजे तिखटपणा मोजायचं माप) असे आकडे बहुधा मूळ अर्काचे असतात, पातळ केलेल्या द्रवाचे नव्हेत. ‘१० टक्के ओसी’ यावरूनही जोर कळत नाही, कारण अर्क किती कडक आहे ते त्यात येत नाही. कॅप्सेसिनॉइड्सची, म्हणजे कॅप्सेसिन आणि त्याच्या जातीच्या झोंबणाऱ्या पदार्थांची, टक्केवारी छापलेली असेल तर तीच पाहा.

आता दोन्ही चेहऱ्यावर पडल्यावर काय होतं ते पाहू. कोरडी पूड डोळ्यांत गेली तरच काम करते. काहीतरी तोंडाकडे येताना दिसलं की पापणी आपोआप मिटते, त्यामुळे बरीचशी पूड पापणीवर, गालावर, मिशीवर अडते. चष्मा, हेल्मेटची काच, उन्हासाठी तोंडाला गुंडाळलेला रुमाल यांनी ती आणखी थोपते. गेलीच डोळ्यांत, तर झोंबते खरी, पण काही जण एक डोळा चोळत दुसऱ्याने बघत पुढे येतात. स्प्रेचे तेलकट थेंब त्वचेला आणि पापणीला चिकटतात, पापण्या सुजून आपोआप घट्ट मिटतात, खोकल्याची उबळ येते, श्वास अडकल्यासारखा वाटतो. हा परिणाम साधारण अर्धा-पाऊण तास टिकतो. तरीही हमी नाही. खूप प्यालेला किंवा नशेत असलेला माणूस काही सेकंद तसाच हात पुढे करू शकतो, म्हणून मारून तिथेच उभं राहायचं नाही.

खरा फरक हातात आहे. पुडी वापरायची म्हणजे पर्सची चेन उघडायची, आतला रुमाल, किल्ल्या, मोबाइल बाजूला सारायचे, पुडी शोधायची, तिचं रबर किंवा गाठ सोडायची, तोंड उघडायचं आणि मग मूठभर पूड घ्यायची. यातल्या गाठीला दोन हात लागतात. एक मनगट कुणी धरलेलं असेल तर ती गाठ सुटत नाही. त्यात भर म्हणजे आपल्याकडे तिखट टिकावं म्हणून वर्षाच्या साठवणीत तेलाचा हात फिरवतात, तेलामुळे त्याचे गोळे होतात आणि फेकल्यावर ते चेहऱ्यावर पसरण्याऐवजी ढेकळासारखे शर्टावर पडतात. पावसाळ्यात तर पुडी ओलसर होऊन घट्ट बसते. स्प्रेचा डबा एका हाताने चालतो. मूठ आवळून डबा धरायचा, अंगठा वरच्या बटणावर ठेवायचा आणि तोटी समोरच्याकडे आहे हे बोटांना आधीच कळलेलं असायला हवं. बहुतेक डब्यांचं बटण आडवं सरकवलं किंवा झडप वर उचलली की सुटतं. आपल्या डब्याचं कसं सुटतं ते घरी अंधारात, न बघता, दहा-वीस वेळा करून पाहा, बटण न दाबता.

डबा पर्सच्या तळाशी असेल तर तोही पुडीसारखाच निकामी. सुनसान पट्ट्यात, रात्रीच्या बसथांब्यावर किंवा स्टेशनाबाहेर पाय ठेवण्याआधी तो हातात घ्या, ओढणीखाली किंवा जॅकेटच्या खिशात.

अंतराचं गणित वेगळं आहे. पूड हातभर ते दीड मीटरपर्यंतच नेमकी जाते, म्हणजे ती वापरताना समोरच्याचा हात आपल्यापर्यंत पोहोचलेला असतो. छोट्या स्प्रेचा मारा साधारण दोन-तीन मीटर. मीटरभरापेक्षा जवळून डोळ्यांवर थेट मारला तर दाबाच्या धारेने डोळ्याला कायमची इजा होऊ शकते, त्यामुळे शक्य असेल तिथे एक पाऊल मागे घेऊन मारावा. धार एका डोळ्यावर रोखायची नाही. एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत, डोळ्यांच्या रेषेत, सेकंदभर फिरवायची, थांबायचं आणि गरज असेल तर पुन्हा. छोटा डबा काही सेकंदांतच रिकामा होतो, पहिल्या घाबरगुंडीत बटण दाबून धरलं की सगळं संपतं. मारताना सरळ मागे न जाता तिरपं बाजूला सरका, कारण धावत आलेला माणूस आंधळेपणीही सरळ रेषेत पुढे येतो.

वाऱ्याने दोन्ही फसतात, पण सारखे नाही. चैत्र-वैशाखात तापीकाठच्या मोकळ्या रस्त्यावर वावटळ उठते तेव्हा कोरडी पूड सुटल्या जागीच वळते आणि फेकणारीच्या डोळ्यांत जाते. स्प्रेमध्ये तीन प्रकार मिळतात. धुक्यासारखा फवारा पसरतो, नेम चुकला तरी लागतो, पण वाऱ्यात तोही पुडीसारखाच परततो. सरळ धार वाऱ्यात टिकते, पण तिला नीट नेम धरावा लागतो. जेल सगळ्यात कमी उडते आणि बंद जागेत बरी, पण तिचा असर व्हायला किंचित वेळ लागतो. ज्यांचा रोजचा प्रवास उघड्या रस्त्यावरून आहे त्यांनी धारेचा घ्यावा, आमचं मत हेच.

बंद जागेबद्दल जरा थांबून सांगायला हवं. काळी-पिवळी जीपमध्ये मागच्या सीटवर चार जण कोंबलेले असतात. तिथे फवारा मारला तर शेजारच्या म्हातारीलाही आणि आपल्यालाही तो तेवढाच झोंबतो. सुरत-भुसावळ मार्गावरच्या गाडीच्या डब्यात वर पंखा फिरत असेल तर पूड तर मुळीच काढू नका, अर्धा डबा खोकेल आणि ज्याला लागायला हवी तो गर्दीत निसटेल. तिथे आधी आवाज, मग साखळी किंवा रेल्वेचा मदत क्रमांक १३९. आणि एक गोष्ट मनात पक्की ठेवा: चालत्या रिक्षाच्या किंवा जीपच्या चालकावर धोका वाटला म्हणून स्प्रे मारू नका. डोळे मिटलेल्या माणसाच्या हातात तुमचीच गाडी असते. वेग कमी होईपर्यंत, सिग्नल किंवा गतिरोधक येईपर्यंत थांबा, तोवर पोलिसांच्या मदतीसाठी ११२ लावून फोन चालू ठेवा, रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचा.

पुडीला उन्हाचं भय नाही, डब्याला आहे. बहुतेक डब्यांवर ५० अंश सेल्सिअसपेक्षा जास्त तापवू नका असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात भुसावळ-जळगावला सावलीतला पारा ४५ च्या वर जातो. उन्हात उभ्या केलेल्या स्कूटीच्या डिकीत आणि गाडीच्या काचेखाली तो त्याहून कितीतरी वर चढतो. डबा फुटतो तरी, नाहीतर वायू झिरपून दाब जातो आणि ऐन वेळी बटण दाबल्यावर दोन थेंब टपकतात. वरून डबा नवाच दिसतो. खरेदीनंतर एकदा मोकळ्या जागी, वारा पाठीशी घेऊन, माणसं-जनावरं नसताना अर्धा सेकंद मारून पाहा आणि तोटी कागदाने पुसा, हात डोळ्यांना न लावता. मुदतीची तारीख संपली की बदला. अर्क जुना होण्याआधी वायूच कमी पडतो. विमानाने जाणार असाल तर डबा घरी ठेवा, हातातल्या आणि सोडलेल्या दोन्ही सामानात तो चालत नाही.

दोन्हींनी मिळतात ते काही सेकंद. त्यात काय करायचं ते आधी ठरलेलं असलं पाहिजे: ओरडत उजेडाकडे, दुकानाकडे, माणसांकडे पळायचं. ‘वाचवा’पेक्षा ‘ह्या निळ्या शर्टवाल्याला धरा’ ही हाक लोकांना लवकर हलवते. पडलेला मोबाइल घ्यायला परत फिरू नका.

स्वतःच्या डोळ्यांत गेलं तर उपचारही दोघांचे वेगळे सुरू होतात. पूड असेल तर आधी डोळे मिटून, चेहरा खाली करून कोरडी पूड झटका, पाणी लगेच मारलं तर कपाळावरची पूडही डोळ्यांत उतरते. स्प्रे असेल तर मोकळ्या हवेत जा आणि भरभर पापण्या उघडझाप करा. पुढे दोन्हींत सारखंच: कॉन्टॅक्ट लेन्स काढून टाका, स्वच्छ वाहत्या पाण्याने दहा-पंधरा मिनिटं डोळे धुवा, चोळू नका. हाताला मिरची लागल्यावर तेल चोळून साबण लावायची स्वयंपाकघरातली रीत हातापुरतीच ठीक आहे. डोळ्यांत तेल, तूप, दूध काहीही घालू नका. दम्याच्या माणसाचा श्वास सावरत नसेल किंवा तासाभरानंतरही नजर धूसर असेल तर दवाखाना गाठा.

कायद्याकडे दोन्ही सारखेच पोहोचतात. पेपर स्प्रे बाळगायला शस्त्रपरवाना लागत नाही, तिखट तर घरचंच. १ जुलै २०२४ पासून लागू असलेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम ३४ प्रमाणे स्वसंरक्षणासाठी केलेली कृती गुन्हा ठरत नाही, पण कलम ३७ म्हणतं की बचावाला लागेल त्यापेक्षा जास्त इजा करायची नाही. म्हणजे कुणी अंगावर आला म्हणून मारलं तर बचाव, तो पळू लागल्यावर मागे धावून मारलं तर नाही. भांडणात राग काढायला वापरला तर उलट गुन्हा आपल्यावर येतो. २०२४ मध्येच कर्नाटक उच्च न्यायालयाने वादात स्प्रे मारल्याच्या एका प्रकरणात, जिवाला तातडीचा धोका नव्हता म्हणून स्वसंरक्षणाचा दावा मान्य केला नाही आणि स्प्रेला घातक हत्यार म्हटलं. हल्ला झाल्यावर तक्रार मात्र कोणत्याही पोलीस ठाण्यात करता येते. अमळनेरजवळ घडलं आणि तुम्ही उतरलात नंदुरबारला, तरी ‘हद्द आमची नाही’ हे उत्तर चालत नाही, तिथे शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवून पुढे पाठवतात. वापरलेला डबा आणि डाग पडलेले कपडे न धुता सोबत न्या.

स्प्रे घेणं जमत नसेल, किंवा येईपर्यंत हाताशी पुडीच असेल, तर निदान तिखट पुडीत ठेवू नका. तेल न लावलेलं, उन्हात खडखडीत वाळवून बारीक दळलेलं तिखट, चाळणीतून काढलेलं, एका अंगठ्याने झाकण उघडणाऱ्या रुंद तोंडाच्या छोट्या प्लास्टिकच्या डबीत पाऊण भरून ठेवा. वरपर्यंत भरलं की ते दाटतं आणि एकदम बाहेर पडत नाही. डबी बाहेरच्या कप्प्यात असू द्या, झाकण आपोआप उघडत नाही ना ते हलवून पाहा, आणि महिन्याला एकदा हलवून गुठळ्या मोडा. फेकायची वेळ आली तर वारा आधी गालावर जाणवतो का ते पाहा, पाठीशी असेल तरच छातीच्या उंचीवरून वर, चेहऱ्याच्या दिशेने झटका द्या आणि त्याच क्षणी आपले डोळे मिटून तोंड बाजूला वळवा. मृग लागण्याआधी तिखट बदला.