पत्रा गार होताना वाकतो

जुन्या गाडीच्या दाराखालच्या पत्र्याला स्क्रूड्रायव्हरचं टोक लावून बघा. वरून रंग धड दिसतो, पण टोक खचकन आत जातं आणि तपकिरी पापुद्रे गळू लागतात. गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो, म्हणून रंगाला फोड येतात. ते दिसेपर्यंत आत चाळणी झालेली असते. सडलेला भाग कापून तिथे नवा तुकडा वेल्डिंगने जोडायचा. कापायचं ते चकचकीत, पूर्ण जाडीचा पत्रा लागेपर्यंत. इथे माया दाखवली, तर पातळ कडेला आर्क, म्हणजे वेल्डिंगची विजेची ज्योत, लागताच भोक पडतं.

खरी गंमत पुढेच आहे. हा पत्रा जेमतेम ०.८ ते १ मिलिमीटर जाड. त्यावर एका दमात सलग वेल्डिंग केलं की नवाकोरा तुकडा वेडावाकडा होतो. उष्णतेने फुगला, असं आपण म्हणतो. ते अर्धंच खरं. सांध्यालगतची १० सेंटिमीटरची पट्टी हजार अंश सेल्सियसने तापली आणि मोकळी असली, तर एक मिलिमीटरहून जास्त लांबेल. पण भोवतालचा थंड पत्रा तिला लांबू देत नाही. ६०० अंशांच्या आसपास पोलादाची ताकद निम्म्यावर येते, त्यामुळे मऊ पडलेली पट्टी जागच्या जागी दबून जाड होते. गार होताना ती आकसते आणि मूळच्यापेक्षा आखूड भरते. शिवणीतला दोरा ओढल्यावर कापडाला चुण्या पडाव्यात, तसा पत्रा गोळा होतो.

म्हणून वेल्डिंगचे ठिपक्याएवढे टाके. एक इथे, दुसरा वीतभर लांब, तिसरा पार दुसऱ्या टोकाला. मग प्रत्येक मोकळ्या जागेच्या मधोमध एकेक, आधीचा निवल्यावरच. फूटभर सांध्यात तासही सहज जातो. एवढं करूनही थोडं आकसतंच. मग मागे डॉली, म्हणजे हातात धरायचा लोखंडी ठोकळा, धरून टाक्यावरच हातोडी मारायची: धातू पसरतो, गेलेली लांबी परत मिळते. टाके घासून सपाट करणारा ग्राइंडरही पत्रा तापवतो, हे विसरून सरळ झालेलं काम शेवटच्या पाच मिनिटांत बिघडवणारे काही कमी नाहीत.

नव्या पत्र्यावर जस्ताचा थर असेल तर सांध्यालगत तो आधी घासून काढा. लोखंड १५३८ अंशांना वितळतं, जस्त मात्र ९०७ लाच उकळतं. टाक्यात बुडबुडे राहतात, आणि ती वाफ छातीत गेली तर रात्री हुडहुडी भरून ताप येतो.

पत्र्यावर पत्रा चढवून जोडणं सोपं, पण दोन थरांच्या फटीत पाणी ओढलं जातं. कडेला कड भिडवलेलीच बरी. टाक्यांमागचा रंग जळून आतला पत्रा उघडा पडलेला असतो. तिथल्या पोकळीत मेण फवारलं नाही, तर पुढचा फोड नेमका याच सांध्यावर येतो.