प्लाक म्हणजे प्लेग नव्हे

मानेतल्या रक्तप्रवाहाच्या डॉपलर तपासणीच्या रिपोर्टात ‘प्लाक’ आलं, की पुण्यातले जुने लोक आधी ‘प्लेग’ ऐकतात. साहजिकच आहे. १८९७ ची साथ आणि रँडचा वध हे शहर विसरलेलं नाही. पण या दोन शब्दांचं नातं नाही. प्लेग लॅटिनमधला, मूळ अर्थ घाव. प्लाक फ्रेंच, अर्थ सपाट पत्रा. थोरामोठ्यांच्या घरांवरचे नीलफलक आहेत ना, इंग्रजीत तेही प्लाकच. म्हणजे शरीरात साचलेल्या थराला प्लाक हे नाव नुसतं रूपावरून पडलंय. तो कशाचा बनलाय, ते जागेवर ठरतं.

दातांवरचा प्लाक जंतूंचा. १६८३ मध्ये हॉलंडमधल्या डेल्फ्टच्या लेवेनहूकनं दातांतला पांढरा लगदा खरवडून भिंगाखाली धरला, तर आत जीव वळवळत होते. हा गृहस्थ डॉक्टर नव्हे, कापडाचा व्यापारी! त्या थराला प्लाक म्हणू लागले ते दोनशे वर्षांनी, अमेरिकी दंतवैद्य जी. व्ही. ब्लॅक यांच्या काळात. लाळेतल्या क्षारांनी तोच कडक झाला की आपलं किटण.

धमनीतला प्लाक चरबीचा. त्याला अथेरोमा म्हणतात, आणि त्या ग्रीक शब्दात चक्क लापशी आहे. थर चिरला की आतून तसाच लगदा निघतो. १९१० मध्ये जर्मन रसायनतज्ज्ञ विंडाउस यांना रोगट महाधमनीत निरोगीपेक्षा कितीतरी पट कोलेस्टेरॉल सापडलं. १९१३ मध्ये रशियात अनिचकोव्ह यांनी सशांना कोलेस्टेरॉल चारून तसेच थर घडवून दाखवले. ससा पडला शाकाहारी, त्याचा दाखला माणसाला कसा लावायचा, म्हणून अनेकांनी ते मनावर घेतलं नाही.

मेंदूतल्या प्लाकच्या नावात तर चूकच गोठली आहे. शाळेत बटाट्यावर आयोडीन टाकून निळा रंग बघतो, तसाच प्रयोग १८५४ मध्ये जर्मन रोगतज्ज्ञ फिरखो यांनी मेंदूतल्या काही कणांवर केला. रंग आला, म्हणून पदार्थ स्टार्चसारखा मानून ‘अमायलॉइड’ नाव दिलं. पुढे तसले साठे प्रथिनांचे निघाले, नाव तेच राहिलं. १९०६ मध्ये जर्मन डॉक्टर अल्झायमर यांनी स्मृती गेलेल्या एका रुग्ण बाईच्या मेंदूतले साठे वर्णिले, ते याच जातीचे. त्यातलं प्रथिन वेगळं काढायला १९८४ उजाडलं.

कातडीवरच्या प्लाकला मात्र मराठीत आधीपासून शब्द आहे: चट्टा. सोरायसिसचे जाड, खवल्यांचे चट्टे ते हेच.